बांध बघून सायकल चालवा: झेलंडच्या पोल्डरमधली पहिली फेरी

पोल्डर म्हणजे काय हे समजावून सांगायला ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने माझ्यासाठी फळ्यावर चित्र काढलं होतं. समुद्र, बांध, आत सखल जमीन, बांधात झडप. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. आतलं पावसाचं पाणी निघून जातं आणि खारं पाणी आत शिरत नाही. त्याचं संपल्यावर मी म्हटलं, अरे, हा तर आमचा खार! माझं आजोळ अलिबागच्या खारेपाटातलं. तिथे त्या झडपेला उघाडी म्हणतात, गोव्यात खाजनाच्या बांधाला असते तिला मानस म्हणतात. आणि बांध फुटला की ‘खांड पडली’. आजीच्या तोंडून हा शब्द ज्या आवाजात यायचा, त्यावरूनच आम्हा पोरांना कळायचं की आता गप्प बसायचं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की झेलंड या डच प्रांतात सायकल घेऊन जाणारा नवखा माणूस फोनमधला नकाशा लावतो आणि गाड्यांच्या रस्त्यावर जाऊन पडतो. मीही पडलो होतो. ज्याला बांध ओळखता येतो त्याला मात्र दिवसभर एकही गाडी आडवी येत नाही, अशा वाटा तिथे आहेत. तुम्हाला नेदरलँड्समध्ये येऊन सहा महिने-वर्ष झालं असेल, घर ते स्टेशन सायकल अंगवळणी पडली असेल, आणि आता चाळीस-पन्नास किलोमीटर खाडीकाठाने जाऊन बघावं असं वाटत असेल, तर हे वाचा.

एक आधीच सांगतो. ही फेरी ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या वाटांवरून सायकल चालवण्याची. पण ग्रॅव्हल म्हटल्यावर डोंगरातले खडीचे रस्ते डोळ्यांसमोर येत असतील तर ते काढून टाका. इथे डोंगर नाही, आणि चिकणमातीच्या देशात खडी बाहेरूनच आणावी लागते. इथलं ‘कच्चं’ म्हणजे शिंपल्यांचा चुरा घातलेल्या वाटा, बांधावरचं गवत, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि मधेमधे काँक्रीटच्या फरशा. वाटेचा तिसरा हिस्सा जरी असा मिळाला तरी मी दिवस चांगला गेला म्हणतो.

१. पहिली फेरी कुठली

झेलंड प्रांताचा एक तुकडा वेस्टरस्खेल्ड खाडीच्या दक्षिणेला, बेल्जियमला चिकटून आहे. त्याचा पश्चिमेकडचा कोपरा नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला. वाट अशी: फ्लिसिंगन स्टेशनवर उतरायचं, समोरून बोटीने ब्रेस्कन्सला जायचं, तिथून समुद्राच्या बांधाने पश्चिमेला काट्झांटपर्यंत, मग झ्विनची खाडी, रत्रांशमाँ गाव, स्लाउस, आणि आतल्या जुन्या बांधांवरून परत ब्रेस्कन्स. सगळं मिळून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. चढ म्हणाल तर बांधावर चढायचे तेवढेच.

या भागाचं एक जास्तीचं सुख आहे. २००३ साली खाडीखालून ६.६ किलोमीटरचा बोगदा झाला आणि गाड्या तिकडे गेल्या. तेव्हापासून फ्लिसिंगन-ब्रेस्कन्स बोट फक्त पायी जाणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची आहे. बोगद्यात सायकल चालवता येत नाही, बोटीत गाडी नेता येत नाही. अशी वाटणी दुसरीकडे मी पाहिलेली नाही. वीसेक मिनिटांच्या प्रवासात बेल्जियमच्या अँटवर्प बंदराला जाणारी मालवाहू जहाजं इतकी जवळून जातात की डेकवरचे सगळे सायकलवाले फोन काढून एका बाजूला गोळा होतात.

२. नकाशात बांध कसा ओळखायचा

हा भाग घाईने वाचू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

नकाशा उघडा आणि स्लाउस ते ब्रेस्कन्स मधला भाग मोठा करून बघा. दोन प्रकारच्या रेघा दिसतील. सरळ, पट्टी लावून मारल्यासारख्या रेघा म्हणजे पोल्डर कोरडा झाल्यावर आखलेले रस्ते. त्यांवर गाड्या जोरात जातात. दुसऱ्या रेघा वाकड्यातिकड्या, उगाच वळसे घेणाऱ्या, दोन्ही बाजूंना झाडं. ते जुने बांध. खाडीचा काठ जसा होता तसा बांध घातलेला, म्हणून वाकडा. तुमची वाट या वाकड्या रेघांवरून जाते.

डच लोकांनी बांधांना नावं फार छान दिली आहेत. समुद्रासमोरचा बांध ‘वाकर’, म्हणजे जागता. त्याच्या मागचा जुना ‘स्लापर’, म्हणजे निजलेला. त्याच्याही मागचा ‘ड्रोमर’, स्वप्नं बघणारा. जागत्या बांधाचं काम रोजचं, गावातल्या जागल्यासारखं. जागल्याला डुलकी लागली तर निजलेल्याने उठून पाणी अडवायचं. एकेक पोल्डर जिंकत समुद्राकडे सरकताना मागचे बांध पाडले नाहीत, तसेच ठेवले, त्यामागे हा हिशोब आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आणि वादळ एकदम आलं, बांध जागोजाग फुटले आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. त्यानंतर नैऋत्य भागातल्या खाड्यांच्या तोंडांवर जी मोठी धरणं आणि दारं बांधली, ती डेल्टा योजना. वेस्टरस्खेल्ड मात्र अँटवर्पच्या जहाजांसाठी उघडीच ठेवली आणि तिच्या काठचे बांध उंच केले. आज तुम्ही चालवणार ते त्या उंच केलेल्या बांधांलगत.

आता सायकलवरून बघायच्या गोष्टी. बांधाने जाताना वाट अचानक गरकन वळते आणि वळणाच्या पोटात एक गोल तळं दिसतं. शांत, कडेला बोरू, एखादं बदक. या तळ्याला इथे ‘वेल’ म्हणतात, आणि हीच ती खांड. बांध फुटला तेव्हा पाणी ज्या जोराने आत पडलं त्याने जमीन इतकी खोल खणली की परत भरणं शक्य नव्हतं. म्हणून लोकांनी खड्डा सोडून दिला आणि त्याला वळसा घालून नवा बांध घातला. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी सायकल आडवी टाकून तिथेच बसलो होतो. त्यानंतर मला झेलंडमध्ये नुसतं वळण असं कधी दिसलंच नाही.

दुसरी गोष्ट: बांधावर थांबून दोन्हीकडच्या शेतांची पातळी ताडून बघा. समुद्राकडचा नवा पोल्डर बऱ्याचदा उंच असतो, आतला जुना खोल. उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. बाहेरच्या दलदलीत भरतीबरोबर गाळ साचत राहतो, ती जितकी उशिरा बांधात घ्याल तितकी उंच मिळते. आतल्या जुन्या जमिनीला नवा गाळ मिळत नाही, आणि पाणी काढून काढून ती खचत जाते.

या सगळ्याची देखभाल ‘वाटरस्खाप’ नावाची पाणी-मंडळं करतात. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. तुमची-आमची त्यांच्याशी ओळख होते ती वर्षाचं करबिल घरी आल्यावर. हे कसलं बिल म्हणून चिडलेले बरेच जण मला माहीत आहेत. एकदा बांधावरून फिरून आलात की ते निमूट भरता.

३. वारा बघा, मग दिवस ठरवा

इथे चढ नाही, त्याचं भाडं वारा वसूल करतो. वारा बहुतेक नैऋत्येकडून. ब्रेस्कन्सहून काट्झांटकडे जाताना तो तोंडावर असतो, परत येताना पाठीवर. मी सांगितलेली फेरी त्या दिशेने आखली आहे ती म्हणूनच. अंगात ताकद आहे तोवर वारा अंगावर घ्या, थकल्यावर तो तुम्हाला घरी ढकलेल.

माझ्या पहिल्या वेळी मी उलटा गेलो. आधी स्लाउस, मग समुद्र, असं कुठेतरी वाचलं होतं, आणि त्या दिवशी वारा नेमका पूर्वेकडून फिरलेला. जाताना काय भरारी! पस्तीस किलोमीटर कधी झाले कळलं नाही, बायकोला फोन करून ‘मला सायकल जमते गं’ असंही सांगून झालं. मग वळलो. शेवटचे बारा किलोमीटर मी ताशी आठच्या वेगाने मान खाली घालून काढले. शेजारून सत्तरीच्या एक आजीबाई बॅटरीच्या सायकलवर ताठ बसून पुढे गेल्या, जाताना ‘हॉई’ म्हणाल्या. बोट डोळ्यांसमोर सुटली.

तेव्हा आदल्या रात्री हवामान बघताना पावसाआधी वारा बघा. बोफोर्ट मापात ४ पर्यंत बिनधास्त. ५ म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर, तेव्हा फेरी छोटी करा. ६ ला घरी बसा. इथल्या लोकांना ७ लाही मजा वाटते. पूर्व स्खेल्ड या शेजारच्या खाडीच्या तोंडावरच्या धरणावर उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते, तीही गिअर नसलेल्या साध्या सायकलवर. त्यांचं ते त्यांना लखलाभ.

ऋतूचं थोडक्यात: मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठ जांभळा होतो, पण समुद्राकडच्या पट्ट्यात सुट्टीची गर्दी. ऑक्टोबरपासून हजारोंनी हंस-बदकं उत्तरेकडून येऊन शेतांत उतरतात, ते बघण्यासारखं असतं, मात्र शरदात रस्त्यावर चिखल असतो. त्याबद्दल पुढे.

४. भरती-ओहोटीचं गणित

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरकडच्यांसाठी सांगतो. दिवसातून दोनदा भरती, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, आणि रोज ती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. झेलंडमध्ये सगळ्यांत मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येनंतर साधारण दोन दिवसांनी येते. घरात मराठी दिनदर्शिका टांगलेली असेल तर तिथी बघा आणि दोन दिवस पुढे मोजा. नेमक्या वेळा जलखात्याच्या संकेतस्थळावर फ्लिसिंगनच्या नावाने मिळतात.

सायकल बांधावर आहे तोवर भरतीने तुमचं काही बिघडत नाही. मग वेळ कशाला बघायची? पक्ष्यांसाठी. ओहोटीला ते लांब चिखलात ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात. पाणी चढू लागलं की त्यांना मागे सरकावं लागतं आणि भरतीच्या आधी तास-दोन तास ते बांधाच्या जवळ येतात. त्या वेळी झ्विनच्या काठाला पोचाल असा बेत करा.

आणि एक धोक्याचं. बांध सोडून चिखलात उतरू नका, फोटोसाठीही नाही. दलदलीत पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. ते आधी छोट्या ओहोळांतून वाकडंतिकडं आत शिरतं, आणि तुमच्या मागचा ओहोळ भरला तरी पुढे सगळं कोरडंच दिसत असतं. याच खाडीत पूर्वेला साफ्टिंगे म्हणून साडेतीन हजार हेक्टरांची बुडालेली भूमी आहे. १५७० च्या पुराने आणि पुढे १५८४ साली युद्धात मुद्दाम बांध फोडल्याने तिथली गावं गेली. तिथे आत वाटाड्याशिवाय जाऊच देत नाहीत. कडेच्या बांधावरून सायकलने बघता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ते ठेवा.

५. सायकल

पहिल्या खेपेला नवी ग्रॅव्हल सायकल विकत घेऊ नका. भाड्याने घ्या किंवा घरची धडधाकट टूरिंग सायकल चालवा. बघायचं ते टायर. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद, हलकी नक्षी, आणि हवा दाबून भरायची नाही. सत्तर किलोच्या माणसाला अडीच-तीन बार पुष्कळ. अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जायला हवं. शिंपल्यांच्या वाटेवर टणक टायर नुसता उडत राहतो आणि मनगटं भरून येतात.

स्टेशनवरच्या भाड्याच्या सायकलींचा मोह होईल. त्या घेऊन काट्झांटपर्यंत जाता येतं, पण त्यांतल्या बऱ्याच सायकलींना पॅडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो. भारतातून आलेल्या माणसाचा पाय सवयीने मागे फिरतोच. अंगणात दोन चकरा मारून मगच बाहेर पडा.

सोबत दोन ट्यूब, एक नव्हे. इथल्या बांधांच्या कडेला मेडोर्न नावाच्या काटेरी झुडपांची कुंपणं आहेत, ती शरदात-हिवाळ्यात यंत्राने छाटतात आणि बोराच्या काट्यासारखे काटे वाटभर पसरतात. पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर शंभर मीटरवर परत बसाल. हे मला कसं माहीत ते विचारू नका.

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, वारा अडवणारं पातळ जाकीट, पाण्याच्या दोन बाटल्या. हेल्मेटची सक्ती नाही, मी घालतो. वाटेत बेल्जियममध्ये शिराल, तेव्हा निवास-परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट खिशात हवा. सीमेवर सहसा कुणी विचारत नाही, सीमा कुठे गेली तेच कळत नाही, पण नियम तो नियम.

६. पोचायचं कसं

आम्स्टरडॅम, द हेग, रॉटरडॅमकडून फ्लिसिंगनला थेट गाडी आहे. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सायकल नेता येत नाही. शनिवार-रविवार सोयीचे. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असतं, त्याच दाराने चढा. शेवटच्या स्थानकावर उतरलात की बोटीचा धक्का समोरच. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिथेच बघून ठेवा, आणि मनात तिच्या आधीची बोट धरा.

७. प्रत्यक्ष वाट

ब्रेस्कन्सच्या बंदरातून बाहेर पडून पश्चिमेला वळलात की पाण्याकाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लोखंडी दीपगृह दिसेल. १८६७ चं आहे, देशातलं सगळ्यांत जुनं ओतीव लोखंडाचं. तिथून पुढे डाव्या हाताला वाटरड्यूनन नावाची नवी पाणथळ. ही गंमत थांबून बघा. शेकडो वर्षं समुद्राला बाहेर ठेवलेल्या लोकांनी इथे बांधाखालून एक नळी काढून भरतीला मोजून-मापून आत घेतलं आहे. उघाडीचाच प्रकार, पण उलट्या कामासाठी. वर वाकलेल्या चोचीचे काळे-पांढरे पक्षी पाण्यात डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत, गवत कापल्यासारखे चरताना दिसतील. दुर्बीण नसली तरी चालेल, इतके जवळ असतात.

पुढे काट्झांटपर्यंत बांध आणि वाळूचे ढीग. शिंपल्यांच्या वाटेचे पहिले लांब तुकडे अशा किनारी पट्ट्यांतच भेटतात. पांढरी, किंचित कुरकुरणारी, कोरडी असताना सायकलचा आवाज चुरमुऱ्यांवरून चालल्यासारखा येतो. वळणावर चुरा साचलेला असतो, तिथे पुढचा ब्रेक दाबू नका. वळणाच्या आधी वेग कमी करा आणि पॅडल मारत निघा. वाळू आली की गिअर हलका, वजन मागे, हात सैल. घट्ट धरलेलं हँडल वाळूत हमखास पाडतं. रविवारी दुपारी मात्र या पट्ट्यात पोरंटोरं, कुत्री, ढकलगाड्या. घंटी एकदा वाजवा आणि हळू जा.

मग झ्विन. सीमेवरचं हे खारं दलदलीचं मैदान एकेकाळी ब्रुग शहराचा समुद्राकडचा दरवाजा होतं. इथूनच इंग्लंडची लोकर आणि स्पेन-इटलीचा माल आत जायचा. खाडी गाळाने भरत गेली, जहाजं अँटवर्पकडे वळली आणि ब्रुग मागे पडलं. चौल-रेवदंड्याकडच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. १८७२ साली दोन्ही देशांनी मिळून बांध घातला, आणि २०१९ मध्ये त्याच बांधाला मुद्दाम खांड पाडून १२० हेक्टर पुन्हा समुद्राला दिले, मागे नवा उंच बांध बांधून. गाळाने खाडी बुजून दलदलच नाहीशी व्हायला लागली होती म्हणून. आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

बांधावर सायकल उभी करा आणि अर्धा तास खाली बघा. भांगाच्या दिवशी फक्त ओहोळ भरतात. उधाणाला सगळं मैदान हळूहळू चांदीच्या पत्र्यासारखं होत जातं. चिखलाच्या कडेला हिरव्या, गाठीगाठींच्या बोटांसारखी वनस्पती दिसेल, ती झेक्राल. खारट, कुरकुरीत, इथे भाजी म्हणून खातात. संरक्षित जागी तोडू नका, बाजारात मिळते. जराशा उंचावर जुलै-ऑगस्टमध्ये जांभळा फुलोरा असतो तो लामसोर, झ्विनचं फूल हेच. आपल्याकडच्या खाडीकाठाला तिवरं असतात. इथल्या थंडीत ती जगत नाहीत, म्हणून ही दलदल उघडी, गुडघाभर उंचीची, आणि नजर थेट समुद्रापर्यंत जाते. आणि अर्थात, आडोसा शून्य. झाड नाही, झुडूप नाही. काट्झांटमध्ये स्वच्छतागृह वापरूनच पुढे निघा.

झ्विनला पाठ करून रत्रांशमाँ. नाव फ्रेंच, अर्थ खंदकाचा कोट. गावाभोवती जुन्या मातीच्या तटावरून वाट आहे, आणि एक पवनचक्की. मे महिन्यात संध्याकाळी इथल्या डबक्यांतून हिरव्या झाडबेडकांचा जो गलका उठतो तो पहिल्या पावसानंतरच्या कोकणातल्या रात्रीची आठवण करून देतो. बेडूक अंगठ्याएवढा, आवाज ट्रॅक्टरएवढा.

तिथून स्लाउस चार-पाच किलोमीटर. गावाच्या तटावर उभं राहून चौफेर बघितलं तर बटाटा, बीट, गहू. १३४० साली याच गावासमोर इंग्लंड आणि फ्रान्सच्या आरमारांची मोठी लढाई झाली आणि बहुतेक फ्रेंच जहाजं इंग्रजांच्या हाती लागली. जहाजं! समुद्र आता कित्येक किलोमीटर लांब आहे. पायांत जोर उरला असेल तर इथून ब्रुगला जाणारा कालवा आहे, नेपोलियनने खणायला लावलेला. दोन्ही काठांना वाऱ्याने एकाच बाजूला कललेले पॉप्लर, काठाने सायकलची वाट, अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, आणि ब्रुगहून आगगाडी. पहिल्या खेपेला मी सुचवणार नाही.

स्लाउसहून परतीला ‘निजलेले’ बांध. हाच भाग मला सगळ्यांत आवडतो आणि इथेच नवखे मोठा रस्ता धरून मोकळे होतात. तुम्ही वाकडी रेघ शोधा. बांधावर चढलात की वर गवताच्या दोन चाकोऱ्या, खाली मेंढ्या, पाठीवर वारा, आणि शेतांपलीकडे एकेका गावाचा चर्चचा मनोरा. पुढचं गाव ओळखायचं ते मनोऱ्यावरूनच. वाट चुकलात तरी बिघडत नाही. उत्तरेला जात राहा, समुद्राचा बांध आडवा येतोच.

८. पाट्या आणि रीत

सायकलवाल्यांसाठी इथे आकड्यांच्या नाक्यांचं जाळं आहे, त्याला ‘क्नोपपुंट’ म्हणतात. कल्पना बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातली, १९९५ ची. तिथल्या एका खाण-अभियंत्याच्या डोक्यातून आलेली. नाक्यांचे आकडे क्रमाने लिहून घ्यायचे आणि पाटीवरून पाटीकडे जायचं. नेदरलँड्सच्या बाजूला पाट्या पांढऱ्या-हिरव्या, बेल्जियमकडे निळ्या. मी आकडे कागदी चिकटपट्टीवर लिहून हँडलच्या दांड्यावर लावतो. फोन काढायची गरज पडत नाही आणि पावसातही शाई टिकते, बॉलपेनची असेल तर.

‘फरबोडन तूखांग’ लिहिलेली आणि ४६१ कलमाचा आकडा असलेली पाटी दिसली तर आत जायचं नाही. मालकी कुणाचीही असो, दंड तुमचा. वसंतात पक्षी जमिनीवर अंडी घालतात, टिटवीचे भाईबंदच ते. तेव्हा काही वाटा तेवढ्यापुरत्या बंद असतात. कुणी बघत नाहीये म्हणून साखळीखालून सायकल सरकवणारे पाहिलेत, आणि दुर्दैवाने त्यांत मराठी बोलणारेही होते.

मेंढ्यांची फाटकं उघडलीत की मागे लावून घ्या. लोखंडी नळ्यांची जाळी जमिनीत आडवी टाकलेली असेल तर ती काटकोनात, पॅडल थांबवून, ब्रेक न लावता ओलांडा. काँक्रीटच्या फरशांमधली लांब फट टायर गिळते, तिच्याशी समांतर जाऊ नका. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, आणि रस्त्यावर पांढरे शार्कचे दात, म्हणजे तुमच्याकडे टोक केलेले त्रिकोण, रंगवलेले असतील तर तुम्हीच थांबायचं.

गाड्या नसल्या तरी ट्रॅक्टर असतात. ते कामावर आहेत, आपण मजेवर; गवतात उतरून वाट द्या. सप्टेंबरपासून बीट-बटाट्याची काढणी सुरू झाली की त्यांच्या चाकांतली समुद्राकाठची चिकणमाती रस्त्यावर पडते. पाऊस आला की ती लोण्यासारखी होते. ‘स्लिक’ अशी पाटी दिसली तर सरळ उतरून ढकलत जा. पडल्यावर कपडे धुणं अवघड नाही, मनगट नीट व्हायला मात्र दीड महिना लागतो.

९. खाणं

छोट्या गावांत रविवारी दुकानं बंद असतात. स्लाउस त्याला अपवाद, बेल्जियमचे लोक तिथे रविवारीच खरेदीला येतात. बोलुस नावाचा दालचिनी-साखरेत लोळवलेला गोल, चिकट पाव झेलंडचाच. एक खाल्लात की दहा किलोमीटरची सोय. हात चाटावे लागतात, हँडलला लावू नका. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: सीमेपलीकडे बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्रिट्स परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. तेल कुठलं आहे ते विचारून मगच घ्या. मी स्वतः दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन राजगिऱ्याचे लाडू नेतो. वाऱ्यात उभं राहून खायला दशमीसारखं काही नाही, सँडविचची पानं उडतात.

१०. घरी आल्यावर

आंघोळीआधी सायकल. खाऱ्या हवेने आणि शिंपल्यांच्या ओल्या भुकटीने साखळीवर पांढरट लेप बसतो, तो रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस झालेला असतो. साध्या पाण्याची धार, जोराची नको, बेअरिंगमध्ये पाणी घुसतं. ब्रशने साखळी घासा, फडक्याने कोरडी करा, तेलाचे थेंब आतल्या बाजूने सोडा, जास्तीचं पुसून काढा. टायरच्या नक्षीत अडकलेले शिंपल्याचे तुकडे टोकदार काडीने उकरून काढा आणि काटा दिसला तर हात लावायच्या आधी पंप जवळ आणून ठेवा. काही काटे टायरमध्ये बुचासारखे बसलेले असतात.